मे महिन्यात पाळणा हलणार!

गुपित ठेवावं तर माझ्यासारख्यानं! उगाच फुशारकी मारत नाही. एका थीम पार्कात अठरा वर्षं नोकरी करतोय, पण तिथल्या भूतबंगल्यातलं भूत कोण आहे, हे मी सख्ख्या मुलीलाही कधी सांगितलेलं नाही. म्हणूनच मालकांनी नव्या आकाशपाळण्याचं काम माझ्याकडे दिलं, तेव्हा मी छाती ठोकून म्हणालो, "साहेब, या कानाचं त्या कानाला कळणार नाही!"

"कळायलाच नको," मालक म्हणाले. "पाळणा मे महिन्यात फिरला, तर विस्तारप्रमुखाची खुर्ची तुमची. समोरच्यांना आधी कळलं, तर तुमचा ग्रीसचा डबा आहेच."

ग्रीसचा डबा! अठरा वर्षं तोच घेऊन फिरतोय मी. झोपाळे, घसरगाड्या, गोल फिरणारे घोडे, सगळ्यांच्या सांध्यांना ग्रीस लावता लावता माझे सांधे वाजायला लागले. हा पाळणा माझ्या डोक्यातून निघालेला होता. तळ्याच्या मधोमध, एकशे दहा फूट उंच, बत्तीस डब्यांचा! उभ्या आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझं ऐकलं होतं. मी त्याच दिवशी ग्रीसचा डबा घरी आणला आणि माळ्यावर फेकून दिला.

समोरचे म्हणजे रस्त्याच्या पलीकडचं रिसॉर्ट. नुसतं नाव काढलं तरी माझं डोकं फिरतं! आम्ही दारात डायनासोर उभा केला, त्यांनी दोन केले, वर एकाची मान हलती! आम्ही लाटांचा तलाव केला, त्यांनी आमच्याहून मोठ्या लाटा सोडल्या. आम्ही मुलांच्या खोल्यांत आगगाडीचे पलंग ठेवले, महिन्याभरात त्यांच्याकडे जहाजाचे! आणि हे उद्योग करणारा तिथला विस्तारप्रमुख कोण? माझा साडू! बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. दर दुसऱ्या रविवारी येतो, माझ्या सोफ्यावर बसतो, माझी बिस्किटं खातो आणि मलाच विचारतो, "मग, काय नवीन?" त्या 'काय नवीन'नं माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

म्हणून मी घरातही चिडीचूप. बायकोला सांगितलं की तिच्या ताईला कळणार, आणि ताईला कळलं की साडूला. त्यामुळे नकाशा गादीखाली, आणि मालकांचा फोन आला की मी मागच्या गॅलरीत. तिथं कपडे धुण्याचं मशीन आहे. ते सुरू असलं की शेजारी बाँब फुटला तरी ऐकू येत नाही.

त्या शुक्रवारी चूक एवढीच झाली, की मशीन थांबलं आणि मी थांबलो नाही.

"काळजीच करू नका साहेब!" मी फोनवर ओरडत होतो. "मे महिन्यात पाळणा हलणार म्हणजे हलणार! छे छे, बायकोला पत्ताही नाही! साडूला कळलं तर माझं थोबाड फोडा! हो, विस्ताराची सगळी जबाबदारी माझी!"

वळून बघतो तर दारात सासूबाई! गुडघ्याच्या दुखण्यापायी महिनाभर आमच्याकडे राहायला आल्या होत्या. हातात रिकामी बादली, तोंड उघडं. मला वाटलं, गुडघ्यातून कळ आली असेल.

त्या दिवसापासून घरात काहीतरी बिनसलं. सासूबाई माझ्याशी बोलेनात, माझ्यासमोरच्या भिंतीशी बोलू लागल्या.

"वाढ गं त्यांना," त्या भिंतीला म्हणाल्या. "दोन-दोन ठिकाणी बघायचं म्हणजे माणूस थकणारच."

"हो ना आई," मी म्हणालो, "फार ओढाताण होते!"

सासूबाई ताटावरून उठून गेल्या. बायकोनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि आमटी वाढली.

रविवारी सकाळी दार वाजलं. साडू आणि ताई! खरं तर हा त्याचा रविवार नव्हता. सासूबाईंनी सांगावा धाडला होता, हे मला काय माहीत!

"बसा," साडू म्हणाला. माझ्याच घरात मला! "मला सगळं कळलंय. पाळण्याचं."

माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. चार महिन्यांची मेहनत! आमच्यातला कोण फितूर झाला?

"कुणी सांगितलं?" मी गरजलो.

"ते सोडा. खरं की खोटं?"

"खरं! करा काय करायचं ते!"

ताईंनी कपाळाला हात लावला. बायको खोकली.

"लाज नाही वाटत तुम्हाला?" साडू म्हणाला.

"मला लाज? तुम्ही जन्मभर दुसऱ्याचं बघून केलंत! मी जे केलं ते स्वतःच्या हिमतीवर केलं!"

"अरे देवा," सासूबाई म्हणाल्या.

"कधीपासून चाललंय हे?" साडूनं विचारलं.

"चार महिने झाले!"

सासूबाईंनी बोटं मोजली. "आणखी पाच. म्हणजे मे बरोबर आहे," त्या म्हणाल्या आणि डोळ्यांना पदर लावला.

बायको मध्ये पडली. "भाऊजी, आमचं आम्ही बघून घेऊ. तुम्ही या आता." मग माझ्याकडे वळून, "अहो, तुम्ही एक अक्षर बोलू नका. आत चला!" आणि तिनं माझ्या पायावर असा पाय दिला की माझी करंगळी कामातून गेली. मी आणखीच पेटलो.

"का बोलू नको? मी काय चोरी केलीय?"

"कोण आहे ती?" ताई किंचाळल्या.

ती? आता ही पाळणा बनवणाऱ्या कंपनीचंही नाव काढून घ्यायला निघाली! "परदेशातली आहे! आधी दोन होत्या, त्यातली एक महाग पडत होती!"

"दोघी!" सासूबाई खुर्चीत कलंडल्या.

"अहो, निदान त्या मुलाचा तरी विचार करा!" साडू ओरडला.

"केलाय ना! एकेका डब्यात चार-चार मुलं बसवणार आहे मी!"

"डब्यात?" ताई हळूच म्हणाल्या.

पण मी आता कुठला थांबतोय! आत पळालो, गादी उलटी केली, नकाशा आणला आणि साडूच्या नाकासमोर टेबलावर उलगडला.

"हा बघा पाळणा! डोळे भरून बघा! एकशे दहा फूट! बत्तीस डबे! तळ्याच्या मधोमध! बुधवारी करारावर सही, मे महिन्यात सुरू! आहे का हिंमत?"

सासूबाईंनी चष्मा लावला. नकाशा बघितला. मग माझ्याकडे बघितलं.

"अगंबाई! हा बसायचा पाळणा होय!"

ताई हसू लागल्या, त्यांच्याबरोबर सासूबाईही. डोळ्यांतलं पाणी पुसत दोघी एकमेकींना टाळ्या देत होत्या. बायको मात्र आत गेली होती, आणि माळ्यावर काहीतरी खडखडत होतं. साडू हसला नाही. तो सावकाश सोफ्यावर बसला, एक बिस्कीट उचललं आणि म्हणाला, "उंची किती म्हणालात?"

आणि मी, रागाच्या भरात, पुन्हा सांगितली!

मंगळवारी सकाळी रस्त्यापलीकडे फलक लागला. 'लवकरच! तळ्यावरचा पहिला आकाशपाळणा! उंची एकशे अकरा फूट!' एक फूट! नालायकानं एकच फूट वाढवला! दहा वाढवले असते तरी मला एवढा संताप आला नसता.

मालकांचा फोन मी गॅलरीतच घेतला. "हो साहेब. नाही साहेब. पाळणा लांबवायचा, कळलं साहेब."

मशीन थांबलेलं होतं. मागून सासूबाई म्हणाल्या, "लांबवाच. या वयात तेच बरं." आणि तोंडाला पदर लावून आत पळाल्या. गुडघा अगदी ठणठणीत!

मी तणतणत बायकोकडे गेलो. "तुझ्या आईमुळे झालं हे! तुझ्या ताईमुळे! माझ्या घरातलीच माणसं माझ्या मुळावर उठली!"

ती कपड्यांच्या घड्या घालत होती. "मला पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं," ती म्हणाली. "या घरात गादी कोण झटकतं?"

"मग रविवारी बोलली का नाहीस? सगळे मला बाहेरख्याली ठरवत होते!"

"कुणासमोर बोलायचं? भाऊजींसमोर?" तिनं माझ्या शर्टाची बाही सरळ केली. "आई दोन दिवस माझ्या गळ्यात पडून रडत होती. म्हटलं, रडू दे. बुधवारी सही झाली की सांगू. लोकांनी चार दिवस तुम्हाला नावं ठेवली असती, पण तुमचा पाळणा उभा राहिला असता."

मला भयंकर राग आला होता. तो कुणावर काढावा, म्हणून मी घरभर बघितलं. घरात आरशाशिवाय कुणी लायक दिसेना.

"माझा ग्रीसचा डबा कुठाय?" मी शेवटी ओरडलो.

"दारामागे आहे," ती म्हणाली. "रविवारी तुम्ही नकाशा आणायला आत पळालात ना, तेव्हाच काढून ठेवला."