तात्यांची तिरडी

आमच्या देवासात कुणी मेलं, की घरच्यांचं रडणं सुरू व्हायच्या आत तात्या दारात हजर. काखेत सुतळीचा गुंडा, हातात मडकं. देवासात राज्यं दोन, थोरली पाती आणि धाकटी पाती. रस्त्याची ही कड यांची, ती त्यांची. तात्या थोरल्या पातीत कारकून, पण खांद्याला पाती नसते म्हणायचे. तिरडी स्वतः बांधायचे, पुढचा उजवा दांडा धरायचे आणि दर शंभर पावलांवर मागं न बघता सांगायचे, "खांदा बदला. दुखला असेल." घरात कुणी आजारी असलं, की बायका तात्यांना येताना बघून दार लावून घेत.

अशा गावात मुंबईचे सिनेमावाले आले. मुका सिनेमा, तोही हसवणारा. कचेऱ्या ओस पडल्या, हलवायानं बघण्याच्या नादात जिलेब्या करपवल्या. गोष्ट अशी, की एक कंजूष मेल्याचं सोंग घेतो, वाटेत उठून बसतो आणि खांदेकरी तिरडी टाकून पळतात. खांदेकऱ्यांत मी होतो. आता सिनेमात तोंड दिसणार म्हटल्यावर कोण नाही म्हणेल?

आम्ही तिरडी उचलून रामाचं नाव घेतलं मात्र, तात्या कचेरीतून अनवाणी धावत आले. पुढच्या माणसाला बाजूला सारून त्यांनी दांडा घेतला. ठरल्याप्रमाणं नट उठून बसला.

तात्यांनी त्याला पडून राहायला सांगितलं आणि ते चालतच राहिले. आम्हीही सवयीनं त्यांच्या मागं. नट बोंबलतोय, कॅमेरावाला तिपाई सांभाळत धावतोय, आणि वरात थेट मसणात! हसून हसून माझं पोट दुखलं.

डायरेक्टर तापला. दरबारची परवानगी आहे, नोकरी घालवीन म्हणाला.

"घालव रे, भिया," तात्या म्हणाले. "पण देवासची माणसं तिरडी टाकून पळाली, हे मी दाखवू देणार नाही."

माझं हसू जागच्या जागी विरलं. प्लेगच्या साली तात्यांची बायको गेली होती. खांद्याला तात्या आणि आम्ही तिघे शेजारी. अर्ध्या वाटेत कुणीतरी बोललं, बाईच्या काखेत गाठ होती. आम्ही तिघांनी तिरडी रस्त्यात ठेवली आणि पळालो. तिला त्यांनी एकट्यानं हातांवर उचलून नेलं. तात्या त्यावर कधी एक अक्षर बोलले नाहीत. पुढं माझे वडील गेले, तेव्हा तिरडी बांधायला पहिले तेच आले. मला तोंड वर करवेना.

डायरेक्टरनं पुन्हा तिरडी उचलायला लावली. तात्यांनी दांडा सोडला नव्हताच. नट उठला, डायरेक्टर "भागो" म्हणून ओरडला. बाकीचे दोघे खांदेकरी पळाले, नट घसरून धुळीत पडला.

मी पळालो नाही. डायरेक्टर माझ्या सात पिढ्या उद्धरत होता. उद्धर म्हटलं, बाबा. रिकामी तिरडी एका अंगाला लोंबत होती. पुढं तात्या, मागं मी. तशीच शंभरेक पावलं झाली.

तात्यांनी मागं पाहिलं नाही.

"खांदा बदल," म्हणाले. "दुखला असेल."