वळणदार बदली

आवक-जावक विभागातल्या कारकुनाचा बदलीचा अर्ज तिसऱ्यांदा परत आला, तेव्हा त्यावर शेरा होता : ‘मजकूर योग्य, अक्षर अयोग्य.’

सहा वर्षं तो एका गावात आणि बायको-मुलगी दुसऱ्या गावात, सासूबाईंकडे. मुलीचं पहिलं पाऊल त्याने फोनवर पाहिलं, पहिला पडलेला दातही फोनवरच. या गोष्टीचं त्याला फार वाईट वाटे, पण अर्जात वाईट वाटण्यासाठी रकाना नव्हता.

अर्ज इंग्रजी कॅपिटल अक्षरांत भरावा, ही अट जुनीच होती. नवे साहेब कुठल्याशा शिबिराहून परतले आणि त्यांनी ‘कर्सिव्हमध्ये भरावा’ अशी आणखी एक अट जोडली. जुनी काढायची तर समिती नेमावी लागली असती, म्हणून दोन्ही राहिल्या. आता प्रत्येक शब्दातलं प्रत्येक अक्षर कॅपिटल, आणि प्रत्येकाला झोकदार शेपूट. ज्यास हे वाचता येणार नाही त्यास सहा आठवडे वर्गात बसवण्यात येईल, असंही परिपत्रकात होतं.

सुदैवाने सासूबाई चाळीस वर्षं शाळेत हस्ताक्षर शिकवून निवृत्त झाल्या होत्या.

“जावईबापू, तुमच्या ‘जी’ला पोटच नाही,” त्या फोनवर म्हणाल्या. “आणि हा ‘क्यू’ पाठीत उसण भरल्यासारखा काय वाकलाय? पन्नास वेळा काढा.”

“हो, आई.”

“फोटो पाठवा. गिरवलेलं मला लगेच कळतं.”

तीन महिने बोटं दुखेपर्यंत सराव करून त्याने ‘जी’ला पोट आणलं. चौथा अर्ज मांजराने खेळलेल्या लोकरीसारखा दिसत होता, आणि तो ताबडतोब स्वीकारला गेला. सात टेबलांवर सात जणांनी तो निरखून पाहिला. वर्गात बसायची हौस कुणालाच नव्हती, त्यामुळे सातही सह्या दोन दिवसांत झाल्या.

मग वरून हुकूम आला, तोही याच लिपीत. कारकुनाला त्यातलं ओ की ठो कळेना. तो लिहायला शिकला होता. वाचनाचं प्रशिक्षण पुढच्या वर्षी होतं.

“हुकूम आला म्हणे,” हेडक्लार्क म्हणाले.

“आला ना. तुम्ही वाचलात?”

“म्हणजे काय. तू?”

“वाचला की.”

“मग अभिनंदन.”

निरोप समारंभ झाला. नव्या कार्यालयातल्या साहेबांनी हुकूम आधी उलटा, मग सुलटा धरला, “चोख आहे” म्हणाले आणि खिडकीजवळचं टेबल दिलं.

संध्याकाळी मुलगी त्याच्या मांडीवरून उतरायला तयार नव्हती. सासूबाईंनी चष्मा लावून हुकूम हातात घेतला. वाचता वाचता त्यांचा चेहरा गंभीर झाला.

“जावईबापू, यात तर अर्ज नामंजूर...”

त्यांनी नातीकडे पाहिलं. मग कागदाची नीट घडी घातली.

“गचाळ अक्षर आहे मेल्याचं,” त्या म्हणाल्या. “मला काही लागत नाही.”

आता तुम्ही म्हणाल, एवढी शिकलेली माणसं न वाचता सह्या करतात तरी कशी? खरं आहे. पण परवा मोबाइलवर ‘मी सर्व अटी वाचल्या असून त्या मला मान्य आहेत’ यापुढच्या चौकोनात तुम्ही टिचकी मारलीत. त्या अटी तर साध्या छापील अक्षरांत होत्या.