दोन तासांची वाट

एका जंगलात विमानतळ होता. हसू नका, मुलांनो. तुमच्या गावात नाही म्हणून जंगलातही नसावा की काय?

विमान सुगरणींनी विणलेलं. चार गिधाडं ते ओढत. बाहेर पाटी होती: ‘बोरवन ते तळेनगर. अंतर तीनशे कोस. उड्डाणवेळ दोन तास.’

बोरवनात यमुनाबाई नावाची करकोची राहायची. तिची लेक तळेनगरला दिलेली. लेकीनं पहिलं अंडं घातल्याचा निरोप आला आणि बाईंनी डिंकाचे लाडू वळायला घेतले. अंडं फुटताना आपण तिथं असायलाच हवं, एवढाच त्यांचा हट्ट.

“चल, उडू या,” यजमान म्हणाले. “वाटेत दोन मुक्काम. तिसऱ्या दिवशी तळेनगर.”

बाईंनी चोच मुरडली. “पंखांनी? विहीणबाई लग्नाला विमानानं आल्या होत्या.”

आल्या होत्या खऱ्या. वरात निघून गेल्यावर पोचल्या, पण विमानानं पोचल्या.

“आणि तिथं दोन तास, तुमचे तीन दिवस. काही हिशेब कळतो का?”

यजमान हिशेबात कच्चे. ते उडून गेले.

विमानतळाच्या खिडकीत खार बसली होती. तिनं लाडू तोलले. वजन जास्त भरलं, म्हणून चार तिथंच खाऊन टाकले.

“मावशी, आता पंख बांधावे लागतील,” ती तोंड पुसत म्हणाली. “सुरक्षेसाठी. विमानात कुणी मध्येच उडायला लागलं तर?”

बाईंना ते पटलं. त्यांनी पंख बांधून घेतले.

विमान काही सुटेना.

“का गं, उशीर कशानं?”

“तांत्रिक कारण.”

“म्हणजे?”

“ओढ्यापाशी म्हैस मेलीय. गिधाडं तिकडं गेलीत.”

म्हैस चांगली धष्टपुष्ट होती. ती संपली तेव्हा धुकं पडलं. धुकं उठलं तेव्हा गिधाडांना अजीर्ण झालं. बाई रोज विचारत, “तळेनगरला जायला किती वेळ लागेल गं?” आणि खार रोज सांगे, “दोन तास, मावशी.” यात ती एकदाही खोटं बोलली नाही.

असे महिने गेले. एके दिवशी लांब पायांची, कोवळ्या पंखांची एक पोर त्या पाटीवर येऊन उतरली.

“आजी ना तू? मी तुझ्या लेकीची लेक. आजोबा म्हणाले, जा, घेऊन ये तिला.”

बाईंनी नातीला डोळे भरून पाहिलं. उरलेला एकुलता एक लाडू तिच्यापुढं सरकवला.

“कशी आलीस गं?”

“उडत. तीन दिवस लागले.”

“खुळी कुठली. विमानानं दोन तास लागतात.”

“आजी, मी तुझे पंख सोडते. आत्ता निघू.”

“आता? इतके दिवस थांबले, ते काय पुन्हा तीन दिवस वाया घालवायला? बस इथं. तुझंही तिकीट काढू.”

खिडकीत खार दुसरी दोरी शोधू लागली होती.

तात्पर्य: वेळ वाचवायचा असेल तर विमानानंच जावं. नातवंडांचं काय, ती आपली आपण मोठी होतात.