खटक्यावरचं बोट

आमचे शेजारी वीरभद्रअप्पा पंख्याचं बटणसुद्धा एकट्यानं बंद करत नाहीत. बटणावर बोट ठेवतात आणि स्वयंपाकघराकडं तोंड करून विचारतात, "हेच हाय ना?" आतून काकू "हेच" म्हणेपर्यंत बोट हलत नाही. एकदा काकू झरीला माहेरी गेल्या, तर त्या येईपर्यंत घरातले दिवे भर दुपारी जळत होते. वीजबिल बघून काकूंनी कपाळाला हात लावला.

अप्पांचं गंगाखेडच्या बाजारात भुसार दुकान. माणूस सज्जन, गळ्यात इष्टलिंग, मापात पाप नाही. हे खूळ डोक्यात शिरलं ते लेकीमुळं. उमा पायलट झाली. मोठ्या प्रवासी विमानात कॅप्टनच्या शेजारी बसते. पहिल्याच सुट्टीत अप्पांनी तिला विचारलं, की उडाल्या उडाल्या एक इंजिन बंद पडलं तर काय करता गं? पोरीनं बिचारीनं नीट समजावून सांगितलं, आणि तेव्हापासून आमची आख्खी गल्ली कावली.

अप्पा भेटेल त्याला सांगायचे, बैलगाडीचा एक बैल बसला की गाडी त्या अंगाला ओढते, तसं विमान वळतं. पायानं दाबून सरळ धरायचं, चाकं आत घ्यायची, आणि पुरतं वर जाईपर्यंत इंजिनाच्या खटक्याला हात लावायचा नाही. मग एकानं खराब इंजिनाच्या खटक्यावर हात ठेवून विचारायचं, दुसऱ्यानं बघून हो म्हणायचं, मगच बंद. "घाईत चांगलं इंजिन बंद केलेले लोकबी हायेत, मास्तर," असं मला सांगताना अप्पांचा आवाज खाली यायचा. काकू म्हणायच्या, दिवा घालवायला इमानाचा कायदा कशाला पाहिजे?

गेल्या हिवाळ्यात काशीला जायचं निघालं. हैदराबादहून जाणाऱ्या विमानावर उमाची ड्युटी होती. अप्पांनी मलाही ओढलं. आम्ही तिघं एका रांगेत बसलो, काकूंच्या मांडीवर दशम्यांची पिशवी. उमा पुढं बंद दाराआड.

चाकांनी जमीन सोडली न सोडली तोच धाडकन आवाज झाला आणि विमान डावीकडं ओढलं. सगळं थरथरायला लागलं. मागं कोणीतरी मोठ्यानं रडायला लागलं. मला काय सुचलं देव जाणे, मी पट्टाच सोडायला लागलो. अप्पांनी माझं मनगट धरलं.

"कशाला हात लावू नका, मास्तर. आदी वर जाऊ द्या तिला."

मग डोळे मिटून ते पुटपुटायला लागले. पोरीनं पाय दाबला. खरंच विमान सरळ झालं. चाकं आत गेली. वर चाललंय, चालू द्या. जरा वेळानं म्हणाले, आता इचारायलेत एकमेकाला. काकूंनी गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन मूठ मिटली होती. एकदम थरथर थांबली. दुसऱ्या इंजिनाचा आवाज तसाच चालू होता.

"खराबच बंद केलं पोरीनं," अप्पा म्हणाले. त्यानंतर विमान फिरून परत हैदराबादला उतरेपर्यंत त्यांनी माझं मनगट सोडलं नाही. माझ्या मनगटावर त्यांच्या बोटांचे वळ उठले होते. हा माणूस दुकानात ज्वारी मापताना, जेवताना, दिवा घालवताना रोज ह्यालाच भीत आलाय, हे मला तिथं कळलं.

उतरताना दारात उमा उभी होती. चेहरा पांढराफटक, तरी लोकांना हात जोडत होती. अप्पा तिच्यासमोर थांबले. मागं रांग खोळंबली. त्यांनी बोट तिच्या खांद्यावर ठेवलं आणि मान न वळवता काकूंना विचारलं, "हीच हाय ना?"

एरवी वैतागणाऱ्या काकूंनी पदरानं डोळे पुसले.

"हीच," त्या म्हणाल्या.

मगच अप्पांनी लेकीला जवळ घेतलं.