आत्या शहर बघायला जाते

आमच्या सोनाआत्यानं नगर नापास केलं ते बाथरूमच्या कडीवरून.

माझा बारावीचा निकाल लागला होता. आष्टीजवळच्या आमच्या वस्तीवरून शिकायला बाहेर पडणारी मी पहिली, आणि आमच्या घरातली पहिली पदवी आज माझ्या नावावर आहे, हे मी कुणी न विचारताही सांगते. तेव्हा मात्र प्रश्न एवढाच होता, जायचं कोणत्या शहरात? मला पुणं हवं होतं. वडिलांना मेंढरांतलं सगळं कळतं, शहरांतलं काही नाही. ते म्हणाले, "अक्का म्हनंल तिथं जा. तिला एक बी शहर न्हाई पटलं, तर कडा गावचं स्थळ आलंलं हायच."

अक्का म्हणजे वडिलांची थोरली बहीण, माझी आत्या. आमच्यातच राहायची. तिचं म्हणणं सरळ होतं. "पोरगी द्यायची म्हनल्यावर आधी घर बघत्यात ना? मंग शहर कावून बघायचं न्हाई?"

"आत्या, मला द्यायची नाहीये. शिकायला जायचंय."

"जायाची तर हायस ना बाय? झालं मंग!"

घर बघायची आत्याची रीत वस्तीवर प्रसिद्ध होती. भावकीत कुणाच्या पोरीचं जमत आलं की आत्याला मुद्दाम नेत. बाकीचे पोह्यांत गुंतले की ही उठून रांजणाचं झाकण उचलणार, पिठाचा डबा हलवून बघणार आणि काहीतरी निमित्त काढून शेजारणीकडे जाऊन बसणार. "घरचे ग्वाडच बोलनार. शेजारीन काय म्हनती ते ऐकावं." तिनं मोडलेली लग्नं बरीच होती, आणि त्या पोरी पुढं आवर्जून तिच्या पाया पडत.

हीच रीत तिनं नगरच्या हॉस्टेलला लावली. तिथल्या बाई जेवणाच्या वेळा सांगत होत्या, तर आत्या सरळ बाथरूममध्ये शिरली, आतून कडी लावली आणि ओरडली, "मने, ढकल!"

मागं आपापल्या मुली घेऊन आलेले लोक उभे.

"अगं ढकल की! जेवली न्हाईस का? खांदा लाव!"

मी खांदा लावला. कडी निघाली आणि मी दारासकट आत्याच्या अंगावर गेले. एक चष्मेवाली मुलगी आईच्या पाठीआड तोंड लपवून हसायला लागली. माझे कान पेटले. आत्या शांतपणे बाहेर आली, बाईंच्या टेबलावर ती कडी ठेवली आणि म्हणाली, "नापास."

संभाजीनगरला तर आम्ही हॉस्टेलपर्यंत पोचलोच नाही. स्टँडवर उतरतोय तोच एका बाईनं आत्याचा दंड धरला. "अगं, तू सोना न्हवं? तलवाड्याला दिल्ती ना तुला? आमच्याच गल्लीत व्हतीस की! काय झालं मंग? परत नांदाया आलीच न्हाईस!"

लोक वळून बघायला लागले. समोरच्याला कधी बोलू न देणारी आमची आत्या पदराचं टोक पिळत उभी राहिली. "ही माझी भाची," एवढंच म्हणाली. बाई गेल्यावर तशीच उलटी फिरली आणि परतीच्या गाडीत जाऊन बसली.

"आणि हॉस्टेल?" मी विचारलं.

"शहर न्हाई पसंत. पानी लई जड हाय हितलं."

आम्ही पाणी प्यायलोच नव्हतो.

लग्नाच्या पहिल्याच वर्षी आत्या माहेरी निघून आली होती. घरच्यांनी लोकांना सांगितलं, पंचमीला आलीय. ती पंचमी अजून संपलेली नाही. आमच्या घरात यावर कुणी बोलत नाही. त्या दिवशी गाडीत मीही बोलले नाही.

राहिलं पुणं. कडी पक्की निघू दे, म्हणून मी नगरपासून देवाला विनवत होते. कडी पक्की निघाली. पाणी पास, उजेड पास, खिडकीचे गज पास. मग आत्या समोरच्या इस्त्रीवालीकडे गेली.

"ह्या पोरी रडत्यात का गं?"

"मला काय माहीत, मावशी? कपडे देतात, जातात."

"मधीच एखादी निघून जाती का?"

"जात असंल. मला काय, दुसरी येते."

आत्या येऊन हॉस्टेलच्या पायरीवर बसली आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलीला विचारायला लागली, "कोनची गं तू? जेवलीस का?" एकीच्या कानात इअरफोनची बोंडं होती. दुसरी फोनवर भांडत होती. तिसरी "हाय आजी!" म्हणाली आणि थांबलीच नाही. मी लाजेनं अर्धी झाले, तिचं कोपर ओढत होते, "आत्या, उठ ना."

"हितं कुनीच कुनाला विचारीत न्हाई गं," ती म्हणाली.

मला नेमकं हेच हवं होतं, आणि याच्यावरूनच पुणं जाणार होतं. मला कड्याचं ते स्थळ दिसायला लागलं.

"म्हणजे नापास?"

आत्यानं सरकून मला पायरीवर जागा केली.

"न्हाई. बरं हाय हे. समज, तुला न्हाई जमलं. न्हाई करमलं. तर पिशवी उचलायची अन् निघायचं. हितं कोन ध्यानात ठिवतंय?"

"आणि वस्तीवर?"

"वस्तीचं मी बघती." ती माझ्याकडं न बघता बोलत होती. "पन यायचं तर दिवसाउजेडी ये, मने. सडकंनं ये, तोंड न झाकता. मी रातची आलते, बाजरीतनं."