चावीवाल्यांचं कुलूप

"अजून एक आठवडा थांबलात तर काय बिघडेल?" बायकोने सकाळपासून तिसऱ्यांदा विचारलं.

"सगळं बिघडेल," चावीवाले म्हणाले. "सोमवारी कोपऱ्यावरचा हार्डवेअरवाला त्याचं नवं कुलूप आणतोय. मग आपल्याला कोण विचारतंय?"

"अहो, पण दुसऱ्या चाव्या कुठे केल्यात अजून?"

"एकेक आहे ना! एका कुलपाला किती चाव्या लागतात?"

तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या कुलपांना चाव्या करून दिल्या होत्या. रस्त्यातही लोक 'ओ चावीवाले' अशीच हाक मारत. आता दोन वर्षं डोकं खपवून त्यांनी स्वतःचं कुलूप घडवलं होतं. दाबलं की बंद, आणि चावीशिवाय ब्रह्मदेव आला तरी उघडणार नाही. मरायच्या आधी एकदा तरी कुणी आपल्याला कुलूपवाले म्हणावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

जाहिरातही त्यांनी आपल्या धंद्याला शोभेल अशीच केली. पहाटे फिरून गल्लीतल्या प्रत्येक दाराच्या चावीच्या भोकात चिठ्ठीची सुरळी खोचली. 'या कुलपावर भरवसा नसेल तर दहा वाजता दुकानात या.' ज्यांचा कालपर्यंत भरवसा होता, त्यांचाही ती वाचून उडाला. दहाच्या ठोक्याला निम्मी गल्ली दुकानासमोर हजर होती.

चावीवाल्यांनी दार ओढलं आणि ऐटीत कुलूप दाबलं. खट!

"चावीशिवाय उघडून दाखवा आणि विक्रीला केलेली बाराच्या बारा कुलपं फुकट न्या!"

कुणी तार घातली, कुणी केसातली पिन. गणिताच्या निवृत्त मास्तरांनी कुलपाकडे बराच वेळ नुसतं पाहून मान हलवली. शेवटी हार्डवेअरवाला हत्यारांची पेटी घेऊन बसला आणि तासाभराने घामाने निथळत उठला. टाळ्यांचा कडकडाट झाला. चावीवाल्यांची छाती अशी फुगली की सदऱ्याचं वरचं बटण सुटलं.

"आता उघडा आणि द्या आम्हाला एकेक," मास्तर म्हणाले.

चावीवाल्यांनी डाव्या खिशात हात घातला. मग उजव्या. मग पुन्हा डाव्या. चावी आत टेबलावर होती. लोकांना नीट दिसावी म्हणून त्यांनीच ती सकाळी लाल मखमलीवर मांडून ठेवली होती. बारा कुलपं तिच्या शेजारी, आणि त्यांची स्वतःची हत्यारंही आतच.

नाइलाजाने त्यांनी हार्डवेअरवाल्याचीच पेटी मागून घेतली. अर्धा तास झटले, पण कुलूप काही बधेना. लाजेने कान तापले होते खरे, पण मनात गुदगुल्याही होत होत्या. आपल्यालाही दाद देत नाही म्हणजे काय चीज बनवलीय आपण!

"हे कुलूप लावायचं आणि स्वतःच दाराबाहेर बसायचं!" हार्डवेअरवाला मोठ्याने म्हणाला. लोक हसले. दोघंतिघं घराकडे वळलेसुद्धा.

तेवढ्यात बायको घरून स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आली. तिने चौकटीवरच्या कोयंड्याचे चारही स्क्रू काढले. दार उघडलं.

"उघडलं!" हार्डवेअरवाला ओरडला. "बारा कुलपं गेली तुमची!"

"कुठे उघडलंय?" बायकोने कोयंड्यासकट लोंबकळणारं कुलूप सगळ्यांसमोर उंच धरलं. "बघा की, अजून बंदच आहे. यांच्या कुलपाला धक्का लागलेला नाही. दगा दिला तो कोयंड्याने, आणि तो तुमच्या दुकानातून आणलाय!"

गल्ली खदखदून हसली. घराकडे वळलेले मागे फिरले. मखमलीवरची चावी लावताच कुलूप लोण्यासारखं उघडलं आणि मग एकच झुंबड उडाली.

"ओ कुलूपवाले, एक इकडे!" मास्तर ओरडले. त्यांना तीन हाका माराव्या लागल्या. कुलूपवाले पहिल्या हाकेलाच डोळे पुसत उभे होते.

गर्दीतून बायकोचा खणखणीत आवाज आला, "या कुलपाला शोभेल असा कोयंडा उद्यापासून आमच्याकडेच मिळेल! नावं नोंदवून घ्या!"

कुलूपवाले दचकून तिच्याजवळ गेले. "अगं, कसला कोयंडा? आहे कुठे तो?"

"करा आता."

"उद्यापर्यंत? आठवडाभर थांबा म्हणणारी तूच ना?"

बायकोने वहीत विसावं नाव लिहिलं आणि मान वर न करता म्हणाली, "सोमवारी तो आणेल. मग आपल्याला कोण विचारतंय?"