विमान शनिवारीच येणार

"पंधरा तासांचा प्रवास. शुक्रवारी रात्री अकराला निघालं, तर शनिवारी दुपारी दोनला पोचणार. मग हा रविवार आला कुठून?" कंट्रोलरसाहेबांनी लेकीने पाठवलेलं तिकीट मोबाइलवर मोठं करून बायकोसमोर धरलं.

"दोन्हीकडची घड्याळं वेगळी असतात म्हणे."

"घड्याळ वेगळं असेल, पण तास साठ मिनिटांचाच ना? अगं, ही वेळापत्रकातली ढील आहे. आम्हीही एसटीत ठेवायचो. पाच तासांच्या रस्त्याला सहा तास लिहायचे, म्हणजे गाडी कितीही रखडली तरी वेळेवर आली म्हणायला मोकळे!"

बसस्टँडवर हयात घालवलेल्या माणसापुढे कोण बोलणार? साडेतेरा हजार किलोमीटर अंतराला त्यांनी विमानाच्या वेगाने भागलं, बरोबर पंधरा तास आले आणि विषय संपला. शनिवारी सकाळी लेकीला फोन लावला, तर तो बंद. "बघ, अर्ध्या वाटेवर असेल!" म्हणत त्यांनी चपला घातल्या. बायकोही भलीमोठी पिशवी घेऊन सोबत निघाली.

या घाईला कारण होतं. सहा वर्षांपूर्वी लेक परदेशी निघाली तेव्हा साहेब ड्यूटीवरून धावतपळत विमानतळावर पोचले, तोवर ती आत गेली होती. हीच पोर शाळा सुटली की त्यांच्या केबिनमध्ये येऊन बसायची. माइकसाठी हट्ट धरायची, तो मिळाला की "प्रवाशांनी लक्ष द्यावं" एवढंच बोलून खुदकन हसायची. बाहेर बिचारे प्रवासी सामान उचलून उभे! ते दिवस आठवले की साहेबांना अजूनही गलबलून यायचं. या वेळी दारातून बाहेर पडताना तिला पहिले आपणच दिसायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

वाटेत त्यांनी टॅक्सीवाल्याला जीव नकोसा केला.

"काका, विमान पकडायचंय का?"

"नाही, उतरवायचंय! तू चल!"

दोन वाजून गेले, तरी फलकावर विमानाचा पत्ता नाही. साहेब चौकशीच्या खिडकीवर वाकले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "ताई, मीही याच लाइनीतला. खरं सांगा, गाडी बिघडलीय का?"

खिडकीतल्या बाईने पडद्यावर पाहिलं. "काका, विमान अजून अकरा हजार किलोमीटर लांब आहे. तिथे रात्रीचे अकरा वाजतात तेव्हा आपल्याकडे दुसऱ्या दिवशीचे सकाळचे साडेअकरा असतात. तुम्ही घरून निघालात, साधारण तेव्हाच ते तिथून उडालं. उद्या पहाटे येईल."

साहेब मटकन खुर्चीत बसले. आयुष्यभर दुसऱ्यांना "जरा बसून घ्या" सांगणाऱ्या माणसावर आज तीच पाळी आली. ते बायकोला म्हणाले, "चल, घरी जाऊ. माझंच चुकलं."

बायको उठली नाही. तिने पिशवी उघडली. दुपारचा डबा निघाला, रात्रीचा डबा निघाला, साहेबांच्या रात्रीच्या गोळ्या निघाल्या, शेवटी चादर निघाली.

साहेबांनी गोळ्यांची पट्टी हातात घेतली. "तुला ठाऊक होतं?"

"लेकीने फोनवर चारदा समजावलं होतं मला."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते आणि तुम्हाला पटलं असतं, तर घरी बसून राहावं लागलं असतं ना!" तिने चादर उलगडली. "मला तरी कुठे धीर धरवत होता? सरका जरा."